काय केलंत ते एका ओळीत लिहा

गेल्या आठवड्यापासून रस्त्यावर पुन्हा उसाचे ट्रॅक्टर दिसू लागलेत. दिसायच्या आधी ते ऐकू येतात. दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दुप्पट उंच रचलेला ऊस, मागं लाल दिव्याचा पत्ता नाही, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बांधलेल्या कर्ण्यातून गाणं असं की माझ्या हेल्मेटची काच थरथरते. परवा अशाच एका ट्रॅक्टरमागं माझी स्कूटी रांगत होती आणि पाचटाचा एक झुपका लोंबत लोंबत माझ्या आरशाला गुदगुल्या करत होता. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, जणू मीच तो ऊस लावला होता. ऑफिसात पोचले तर उशीर का झाला हे कुणी विचारलंही नाही. आमच्याकडं 'हंगाम सुरू झाला' एवढं म्हटलं की सगळं माफ असतं.

संध्याकाळी वारा फिरला की मळीचा वास येतो, गोडसर, आंबूस, कपड्यांत राहणारा. बाहेरगावची माणसं नाकाला रुमाल लावतात आणि इथली माणसं तो वास आलाय हे विसरून जातात. मला त्या वासानं फक्त राग येतो. कारण लोकांना दिसतो तो ऊस. त्या उसामागं एक स्क्रीन असते आणि त्या स्क्रीनमागं आम्ही असतो. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, भडंगच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली लसणाची फोडणी पडली की वर सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. तिथं बसून आम्ही साखर कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो. कुणाचा ऊस आधी तुटायचा आणि कुणाचा नंतर, हे तो प्रोग्रॅम ठरवतो. आधी लागण झालेला, म्हणजे आधी लावलेला, ऊस आधी तुटावा, इतका साधा नियम. पण हा क्रम एका गावात जरी उलटा लागला तरी पहिला फोन मला येतो, आणि पलीकडचा माणूस नमस्कारानं सुरुवात करत नाही.

हंगाम दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी चिडते, त्यामुळं बहुतेक हंगाम एकमेकांत मिसळून गेलेत. एक मात्र वेगळा राहिलाय. त्या वर्षी परतीचा पाऊस परतायलाच तयार नव्हता. दसरा उलटून गेला तरी शेतात पाणी होतं, ऑफिसच्या पत्र्यावर दिवसभर तडतड चालायची, इन्व्हर्टर मिनिटामिनिटाला किंचाळायचा आणि वाळत घातलेल्या छत्र्यांमधून वाट काढत आपल्या खुर्चीपर्यंत जावं लागायचं. आणि त्या ओल्या, कुबट पावसाळ्यात, गणपतीच्या सुमारासच, मी ठरवलं की आता सकाळची बैठक बंद करायची.

ती बैठक म्हणजे माझ्या डोक्याला रोजचा ताप होता. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या रीतीप्रमाणं आम्ही ती उभ्यानं घ्यायचो. उभं राहिलं की माणसं थोडक्यात बोलतात, असं म्हणतात. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांनी कोल्हापूरची माणसं पाहिलेली नसावीत. इथला माणूस पानपट्टीसमोर उभ्या उभ्या दोन निवडणुका आणि एक लग्न उरकतो. आमचा संतोष मलकापूरचा, रोज मोटारसायकलनं येऊन-जाऊन करणारा, हाताला चांगला आणि तोंडाला त्याहून चांगला. त्याची पाळी आली की आधी रस्त्यातले खड्डे यायचे, मग आदल्या दिवशीचा पेठांचा फुटबॉल सामना, कुणी कुणाला पाडलं, पंचानं काय खाल्लं होतं, तिथून गाडी मटणावर, मटण कुठल्या दुकानातलं चांगलं यावर दोन गट, आणि सगळ्यात शेवटी मी विचारायचे, "संतोष, काम?"

"चालू हाय की, मॅडम."

तासाभरात कामाबद्दल एवढंच. मी कपाळावर हात मारून माझ्या जागेवर जायचे.

बैठक बंद करण्याचं खरं कारण मात्र दुसरं होतं. ते म्हणजे विद्या. विद्या चंदगड तालुक्यातल्या एका आडगावची. आमच्या ऑफिसात खिडकीशेजारी बसायची, कमी बोलायची आणि तोडणीचा क्रम लावणारा सगळा भाग तिनंच लिहिला होता. त्या श्रावणात तिच्या आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. वडील आधीच वारलेले, भाऊ नाही. विद्यानं लॅपटॉप उचलला आणि गावी गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "ताई, काम सोडणार न्हाय मी. पर आईला सोडून राहता यायचं न्हाय."

आता प्रश्न होता अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे मालक. त्यांच्या घराण्याची मार्केट यार्डात गुळाची अडत होती आणि अण्णा लहानपणापासून त्या गादीवर वाढले. गादीवरून सगळं दिसायचं: गाडी आली, हमाल उतरला, ढेप उलटी केली, रंग बघितला, सौदा झाला. जे डोळ्यासमोर आहे तेवढंच खरं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. चंदगडमध्ये बसून एक मुलगी कोल्हापूरच्या ऑफिसचं काम करते हे त्यांना पटतच नव्हतं.

"मॅडम, पोरगी काय करत्या ते मला दिसत न्हाय," ते म्हणाले. "हंगामाची मोळी पडंस्तोवर बघू. काम दिसलं तर ठीक. न्हाय दिसलं तर तिनं इथं यावं, न्हायतर मी दुसरं माणूस बघतो."

मोळी पडणं म्हणजे पूजा करून उसाची पहिली मोळी कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडं ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकणं. तेवढ्यापर्यंतची मुदत. मला अण्णांचा राग आला आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्यांचं म्हणणं मला थोडंसं समजत होतं. ठीक आहे, मी म्हटलं. काम दिसायला हवं ना? दाखवते.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. एकाच प्रोग्रॅमवर चार जण काम करतात, तेव्हा प्रत्येकानं केलेला बदल एका सामाईक ठिकाणी जमा करायचा असतो. जमा करताना प्रत्येक बदलासोबत एक निरोप लिहावा लागतो, काय बदललं आणि का बदललं. त्याला आम्ही कमिट मेसेज म्हणतो. आणि बदल जमा होताना मध्येच आपण एक लहानसा प्रोग्रॅम अडकवून ठेवू शकतो. त्याला म्हणतात हूक. मी दोन हूक बसवले. एकानं प्रत्येक निरोप उचलून ऑफिसच्या मोबाईल ग्रूपवर टाकायचा, म्हणजे अण्णांसकट सगळ्यांना कळेल. दुसऱ्यानं, पहिल्या दिवसाची सवलत देऊन, फार आखूड निरोप परत पाठवायचा. मग सगळ्यांना जाहीर केलं: उद्यापासून बैठक नाही. काय केलंत ते एका ओळीत लिहा.

मला वाटलं होतं, बोलण्यात इतकी हुशार असणारी माणसं लिहिण्यातही थोडी असतील. पहिल्या दिवशी ग्रूपवर आलं: 'बदल'. मग 'परत बदल'. मग 'आता झालं'. मग 'आता खरंच झालं'. मग 'मघाचं झालं न्हवतं'. आखूड निरोप परत जातो हे कळल्यावर संतोषनं 'झालं' हाच शब्द हूकचं पोट भरेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिला. मी नियम वाढवला, कारण लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक निरोपाखाली 'कारण: मॅडमनी सांगितलं' असं यायला लागलं. हे अर्थात खरं होतं, त्यामुळं मला त्यात चूकही काढता येईना. एका ओळीत काय केलं ते लिहिणं इतकं अवघड का जातं आपल्याला? लग्नाच्या पत्रिकेत आपण चुलत मामाच्या साडूचं नाव विसरत नाही, पण दिवसभरात काय केलं हे विचारलं की 'काही नाही, असंच'.

एकटी विद्या नीट लिहायची. 'खोडव्याची तारीख लागणीच्या तारखेसारखी धरली जात होती, ती वेगळी केली. आजऱ्याकडच्या गटात क्रम आता बरोबर लागतो.' असं. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. वाचून बरं वाटायचं. मी स्वतः आजऱ्याची, म्हणून नाही. काय चुकलं होतं आणि काय सुधारलं हे दोन वाक्यांत कळायचं म्हणून.

पण तिचे निरोप रोज येत नसत. दोन दिवस काहीच नाही, तीन दिवस काहीच नाही, आणि मग एकदम ग्रूपवर माळ लागायची, मोबाईल टेबलावरून सरकत सरकत कडेला जाईपर्यंत. कारण तिच्या घरात रेंज नव्हती. काम तिच्या लॅपटॉपवर होत राहायचं, निरोपही तिथंच लिहिले जायचे; पण सामाईक ठिकाणी जमा करायला ती गावामागच्या टेकावर जायची, आणि पावसानं उसंत दिली तरच. ग्रूपवर मात्र वेळ दिसायची ती निरोप पोचल्याची.

अण्णा मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "पोरगी झोपलीया काय तिकडं?"

मी समजावलं. काम केलं त्याची वेळ वेगळी, पोचल्याची वेळ वेगळी. अण्णांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं. मग मी हूक पुन्हा उघडला आणि प्रत्येक निरोपापुढं तो लिहिल्याची खरी वेळ ठळक दिसेल असं केलं. अण्णांना जाऊन सांगितलं, आता बघा, कधी काय केलं ते लख्ख दिसतंय. ते म्हणाले, "बरं बरं." चार दिवसांनी जिन्यात भेटले तर म्हणतात, "चंदगडची पोरगी काय करत्या हो सध्या?"

भिंतीवर डोकं आपटावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या जिन्यात कळलं.

दसऱ्याला मी आजऱ्याला घरी गेले होते. घरात नव्या घनसाळ भाताची स्वप्नं चालली होती, पण पावसानं भात आडवा केला होता आणि सगळे नुसतेच आभाळाकडं बघत होते. मला तिथं बसवेना. एसटी धरली आणि चंदगडला विद्याकडं गेले. एसटीच्या खिडक्यांतून पाणी आत येत होतं, कंडक्टरनं स्वतःच्या पिशवीवर प्लॅस्टिकचा कागद घातला होता आणि प्रवाशांना म्हणत होता, "पावणं, जरा आत सरका, भिजाय लागलाय." सरकायचं कुठं, आतही पाऊसच होता.

विद्याचं घर स्वच्छ, शेणानं सारवलेलं, भिंतींना ओल चढलेली. आई दाराशेजारी खाटेवर. एका बाजूनं ओढलेला चेहरा, पण डोळे अगदी जागे. मी आत आले तशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, अण्णा ढेप बघायचे तसं. विद्यानं त्यांना चमच्यानं पेज भरवली, तोंड पुसलं, उशी सरळ केली आणि तेवढा वेळ एकटीच बोलत राहिली. "ह्या आमच्या ताई. आजऱ्याच्या. ऑफिसात सगळ्यांवर वराडत्यात त्या ह्याच." आईंच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी कसंनुसं हसले.

मग ती मला टेकावर घेऊन गेली. लाल चिखल, प्रत्येक पावलाला चप्पल ओढून घेणारा. तिनं लॅपटॉप खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून काखेत धरला होता आणि डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ. वर एक काजूचं झाड होतं आणि त्याखाली तीन दगड. त्यातल्या मधल्याच दगडावर रेंज येते म्हणाली. ती तिथं उकिडवी बसली, खोळ लॅपटॉपवर ओढली आणि मोबाईल उंच धरला. वारा असा की मला दोन्ही हातांनी साडी धरावी लागत होती. बराच वेळ काही होईना. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "गेलं, ताई." खाली येताना मी दोनदा पडले. एकदा तिनं धरलं, एकदा नाही धरता आलं.

परत येताना एसटीत मी चिखलानं माखलेली साडी आवरून बसले होते आणि मनातल्या मनात अण्णांशी भांडत होते. कोल्हापुरात गादीवर बसून काम दिसत नाही म्हणणं फार सोपं असतं.

आणि इकडं संतोषनं नवीनच प्रकार सुरू केला होता. विद्याला फोन लागत नाही, पण ती टेकावर गेली की सगळ्यांचे जमा झालेले बदल तिच्या लॅपटॉपवर उतरतात, निरोपांसकट. हे त्याच्या लक्षात आलं. झालं! त्यानं कमिटमध्येच तिच्याशी गप्पा सुरू केल्या. 'वजनाच्या पडद्यावरचं बटण मोठं केलं. कारण: काट्यावरच्या माणसाचा अंगठा मोठा हाय. विद्या, आईस्नी आता कसं वाटतंय?' मी डोळे चोळून पुन्हा वाचलं. काही दिवसांनी तर त्यानं कुठलाच बदल न करता रिकामा कमिट टाकला, नुसता निरोपासाठी: 'विद्या, पेठेचा संघ हरला. पंच आंधळा हाय. आज डब्यात भेंडी हुती.'

त्याला समोर बोलवून सांगितलं तर "व्हय मॅडम" म्हणून तो परत तेच करायचा. म्हणून मीही कमिटमध्येच लिहिलं, कारण तो तेवढंच वाचायचा: 'संतोष, ही प्रोग्रॅमची नोंद आहे, एसटीचा थांबा नव्हे. पुढच्या वीस वर्षांत जो कुणी हे काम बघेल त्याला तुझ्या डब्यातली भेंडी वाचावी लागेल.' त्यावर तासाभरात त्याचा निरोप: 'मॅडम, वाचू दे की. भेंडी चांगली हुती.' मग माझा दुसरा निरोप, आणखी चिडलेला. तो ग्रूपवर गेला, सगळं ऑफिस खुर्च्यांत वाकून हसत होतं आणि खालच्या भडंगवाल्यालाही कुणीतरी वाचून दाखवला होता, कारण दुपारी त्यानं मला विचारलं, "काय ओ मॅडम, भेंडीवरनं काय वाद झाला?"

चिडायचं तरी किती? आणि या एसटीच्या थांब्यावरून मला माझंच शिक्षण आठवलं. मी कॉलेजला कोल्हापुरात होते तेव्हा आजऱ्याहून आई एसटीनं डबा पाठवायची. तालुक्याच्या सगळ्या पोरापोरींचे डबे गाडीच्या टपावर नाहीतर ड्रायव्हरच्या मागं यायचे, आणि आम्ही स्टँडवर रांगेत उभे. आई चिठ्ठी लिहायची नाही. तिला लिहिता येत नव्हतं असं नाही, पण कंडक्टरला तोंडी सांगितलं की काम झालं अशी तिची पद्धत होती. मग कंडक्टर दारात उभा राहून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडायचा, "आजऱ्याची वैशाली कोण गं? तुझी आई म्हणत्या, केसात उवा झाल्यात तर तेल लाव!" भर स्टँडवर! मी डबा घेऊन पळायचे आणि आठवडाभर त्या रांगेत मान खाली घालून उभी राहायचे. निरोप पोचला पाहिजे, बाकी कुणी ऐकलं तर ऐकू दे, ही आमच्या भागाची जुनी खोड आहे. मी कितीही हूक बसवले तरी ती जाणार नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दिवाळी जवळ आली, पाऊस हळूहळू थकला. रस्ते सुकले, धूळ झाली, गावोगावी बैलगाड्यांची आणि ऊसतोड टोळ्यांच्या पालांची चाहूल लागली. कारखान्याच्या चिमणीतून पहिला धूर दिसला. आणि अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, विद्याच्या जागेवर एक पोरगा बघितलाय. सोमवारपासनं येतो म्हणतोय. मोळी तोंडावर आली, आता कुठं थांबायचं?"

माझा आवाज चढला. "अण्णा, तिचं सगळं काम पूर्ण आहे. मोळीच्या आधी पूर्ण आहे. रोज काय केलं, कधी केलं, का केलं, सगळं तुमच्या मोबाईलवर आलंय."

"आलं असंल. पर मला काय दिसलं न्हाय."

"द्या मोबाईल. मी दाखवते."

त्यांनी मुकाट्यानं मोबाईल पुढं केला. मी ऑफिसचा ग्रूप शोधला. तो खूप खाली, नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि कुठल्याशा औषधी काढ्याच्या ग्रूपच्याही खाली होता. त्यावर आवाज बंद केल्याची खूण होती आणि शेजारी न वाचलेल्या निरोपांचा भलाथोरला आकडा. मी ग्रूप उघडला. वाचलेला शेवटचा निरोप होता 'आता खरंच झालं'. म्हणजे पहिल्याच दिवशीचा. त्याच्यानंतर अण्णांनी एकही ओळ वाचली नव्हती.

दोन महिने. वेळा ठळक केल्या, कारणं लिहायला लावली, आखूड निरोप परत पाठवले, माणसांशी भांडले. एक मुलगी पोत्यात लॅपटॉप गुंडाळून चिखलातून वर जात राहिली, केलेलं काम या माणसाला दिसावं म्हणून. आणि याचा आवाज बंद.

"अवो, दिवसभर टिंग टिंग," अण्णा म्हणाले. "एवढं कोण वाचतंय, मॅडम?"

मी मोबाईल टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "अण्णा, सोमवारी एक नको, दोन पोरं बोलवा. एक तिच्या जागेवर, एक माझ्या."

खाली लसणाची फोडणी पडली. दोघांचेही डोळे चुरचुरले, तेवढं बरं झालं. मग अण्णांनी टेबलावरचा मोबाईल उचलला, चष्मा चढवला आणि ग्रूप वर सरकवत वाचू लागले. मध्येच एकदा त्यांच्या मिशा हलल्या. मी उभीच.

"ही भेंडीची काय भानगड हाय?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडं वळले.

"बसा ओ. चिडताय कशाला एवढं?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तिला तितंच. त्या पोराला मी सांगतो न्हाय म्हणून. पर हंगामात कुठं क्रम चुकला तर मी तिला विचारणार न्हाय, तुमास्नी विचारणार."

एवढ्यावर मिटलं. दोन महिन्यांत मिटलं नव्हतं ते एका फोडणीत. मला आनंद व्हायला हवा होता, पण केबिनमधून बाहेर पडताना मी इतकी चिडलेली होते की दार आपटलं.

विद्याला लगेच कळवायचं होतं. फोन लावला, अर्थात लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई तेच बोलली. एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप द्यावा असंही क्षणभर मनात आलं. शेवटी मी माझ्या खोलीत जाऊन बसले, दार बंद करून घेतलं आणि एक रिकामा कमिट केला. काहीही न बदलता. लिहिलं: 'विद्या, तुझी नोकरी पक्की. अण्णांनी आपलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं, त्यांचा ग्रूप बंद होता. आता सारखी टेकावर चढू नकोस. आठवड्यातून एकदा पाठवलंस तरी चालेल. कारण: मी सांगते म्हणून.' ग्रूपवर निरोप गेला तसा बाहेर संतोषनं मोठ्यानं टाळी वाजवली. मी दार उघडलं नाही.

दोन दिवसांनी मोळी पडली. कारखान्यावर पूजा झाली, नारळ फुटला, गव्हाणीत पहिला ऊस गेला, आणि स्क्रीनवर तोडणीचा क्रम बिनचूक लागला. कुणीही फोन केला नाही. आमच्या धंद्यात यालाच शाबासकी म्हणतात. मी एक वाटी भडंग मागवलं आणि दुपारभर कुणावर ओरडावं याचा विचार करत बसले.

तेवढ्यात विद्याचा फोन आला. मागं वारा इतका की तिचे निम्मे शब्द उडून जात होते.

"ताई, काल वाचलं तुमचं. बरं वाटलं बघा, लई बरं वाटलं."

"मग आज परत टेकावर का चढलीस? नको म्हटलं होतं ना मी?" मी ओरडले. "ज्यांच्यासाठी चढत होतीस ते वाचतच नव्हते गं!"

"ते ठाऊक हुतं मला."

"म्हणजे?"

"अण्णांनी एकदा फोन केलता मी वर असताना. म्हणले, खोडव्याचं कधी करणार? मी ते आदल्या आठवड्यातच करून लिवलंवतं. तवाच कळालं."

इतके दिवस मी या मुलीसाठी जीव टाकत होते आणि हिला सगळं माहीत होतं. "अगं मग एवढा चिखल तुडवत कशाला जात होतीस? कुणाला पाठवायला?"

"पाठवायला न्हाय ओ ताई. आणायला." वारा थोडा पडला आणि तिचा आवाज स्वच्छ आला. "घरात बोलणारी मी एकटीच. मी तरी दिवसभर काय बोलू? मग तुमचं सगळ्यांचं उतरवून आणते आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवते. संतोषचं वाचलं की नुसतं बघत ऱ्हाती. पर तुम्ही चिडून लिवलेलं वाचलं ना, की हसती बघा. अर्धं तोंड हलत न्हाय तिचं, पर हसती. झटका आल्यापासनं तेवढंच हसली हाय."

मी फोन ठेवला. भडंगाची वाटी तशीच होती. बाहेर संतोषनं नुकताच कुठलासा बदल जमा केला होता आणि कारणाच्या जागी 'असंच' लिहिलं होतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि त्याला उत्तर लिहायला घेतलं. पहिलं खोडलं, त्यात पुरेसा राग नव्हता. दुसरंही खोडलं. तिसरं जमलं.